दयेच्या मांडीवरचं तिसरं मूल

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

चेंतो, १९ ऑक्टोबर १६४८

ती. फ्लोरिआनोदादास,
ओर्सिनाचा सा. न. वि. वि.

मी, बिचे आणि तान्हा मेओ सुखरूप पोचलो, त्याला आज आठवडा झाला. वाटेत गाडी चिखलात रुतली, तेव्हा बिचेनं गाडीवानाला बजावलं की माझा मामा बोलोन्याचा मोठा चित्रकार आहे, तो तुझं नाक वाकडं काढेल. चार वर्षांची पोर आणि जीभ बघ! तुझ्या घरी पंधरा दिवस राहून एवढंच शिकली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. भावापुढे का होईना, चोळीच्या गाठी सोडून नऊ दिवस बसायचं आणि मग ते चित्र चारचौघांत टांगायचं, हे कुठल्या घरात शोभतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अनाथ-घराच्या दारावर लागायचंय, पुण्याचं काम आहे, आणि चित्रातली बाई मी नाहीच, ती दया आहे. त्यावर त्या म्हणाल्या, दयेला दुसरं कोणी मिळालं नाही वाटतं. आमचे हे मात्र तागाच्या खरेदीत इतके बुडालेत की त्यांनी फक्त चेहरा बरा आलाय का एवढंच विचारलं. मी हो म्हणून टाकलं.

एक विचारायचं राहून गेलं. चित्रातल्या दयेला तीन मुलं लागतात, दोन असली तर ती नुसती आई, हे तू मला दहादा ऐकवलंस. माझी तर दोनच. बिचेला तू माझ्या खांद्यामागे उभी केलीस, मेओला डाव्या गुडघ्याशी सफरचंद देऊन बसवलंस, आणि उजव्या अंगाला, जिथे पिणारं मूल हवं, तिथे मी नऊ दिवस चादरीची वळकटी छातीशी धरून बसले. किती हसू यायचं रे! पण खरं सांगू का, शेवटच्या दोन दिवसांत त्या वळकटीलासुद्धा मला पान्हा फुटायचा. बाईचं अंग वेडं असतं. तर त्या वळकटीच्या जागी कोणाचं मूल बसवलंस ते कळव.

बाकी सर्व ठीक. फक्त गुरुवारपासून माझी उजवी बाजू रिकामी असते. मेओला लावावं तर आत काहीच नाही, आणि तो चिडून रडतो. प्रवासात गारठा लागला असेल. येणाऱ्या माणसाबरोबर थोडा तिकडचा मांसाचा मोर्तादेल्ला पाठव, इथला खाववत नाही.

लोभ आहेच, पण तो कागदावर उतरव म्हणजे मला दिसेल.

तुझी,
ओर्सिना

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

बोलोन्या, २७ ऑक्टोबर १६४८

चि. सौ. ओर्सिनास,
फ्लोरिआनोचे अ. उ. आ.

तिसरं मूल झालं! चित्रात गं, सासूबाईंना लगेच हाक मारू नकोस. गेल्या बुधवार-गुरुवारी नव्हे, त्याच्या आदल्या, म्हणजे तू गेल्यावर दोनच दिवसांनी मी ते रंगवलं. ओर्सिना, आजवर मी जेवढी कातडी रंगवली, देवदूतांची, संतांची आणि त्या लठ्ठ न्यायाधीशाची, ती सगळी एका पारड्यात आणि हे मूल दुसऱ्यात. जवसाचं तेल आणि शिश्याचा पांढरा काय जमून आलाय म्हणून सांगू. अनाथ-घराचे कारभारी परवा पाहायला आले आणि टोपी काढून उभेच राहिले.

मूल त्या घरातलंच आहे. फार शांत. दोन दिवस माझ्यासमोर होतं पण एकदाही रडलं नाही. तुझा मेओ नऊ दिवसांत एकदाही गप्प बसला नाही, त्याला हे सांग.

दूध आटलं तर बडीशेपेचा काढा घे आणि कोंबडीचा रस्सा पी. तुमच्या गावची सुईण मेली नसेल तर तिला विचार. मी चित्रकार माणूस, मला विचारून काय होणार? मी फार तर रस्सा रंगवून पाठवेन.

चित्र वाळायला माझ्याकडेच ठेवलंय. फेब्रुवारीत मेणबत्त्यांच्या सणाला ते टांगायचं ठरलंय. एक गंमत सांगतो. रंगवलं तेव्हा मुलाचा गाल मला जरा खोल वाटत होता. समोरचं मूलच तसं होतं, मग तसंच आलं. आता रोज पाहतो तर गाल भरलेला दिसतो. रंग बसला की असं होतं म्हणे. मला कधी झालेलं आठवत नाही, पण चांगलं झालं तर तक्रार कशाला?

मोर्तादेल्ला सोबत आहे. सासूबाईंना एक काप दे, म्हणजे तोंड गुंतलेलं राहील.

माझी आठवण काढत जा, नाही काढलीस तर मला इथे कळतं.

तुझा,
फ्लोरिआनो

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

चेंतो, ८ नोव्हेंबर १६४८

ती. दादास,
ओर्सिनाचा सा. न. वि. वि.

मेओ सुकत चाललाय. थट्टा करायची असेल तर हे पत्र वाचू नकोस.

काढा झाला, रस्सा झाला, सुईण झाली. दूध आटलेलं नाही, दादा. दूध येतं. भर दुपारी बाराच्या घंटा झाल्या की उजवीकडे पान्हा फुटतो, जसा मूल तोंड लावल्यावर फुटतो तसाच. मग ओढ लागते. कोणीतरी ओढतं. पहिल्यांदा मी भांडी घासत होते, हातातलं पातेलं खाली पडलं. ती ओढ बराच वेळ चालते, मग थांबते, आणि बाजू रिकामी. कापड बघावं तर कोरडं ठणठणीत. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी पुन्हा तेच. डाव्या बाजूला उरतं तेवढ्यावर सात महिन्यांचं पोर किती दिवस काढणार? बकरीचं दूध थुंकून टाकतो. सासूबाई दाई शोधायला तीन वाड्या हिंडून आल्या. पण यंदा लोकांना कोंड्याची भाकर मिळत नाही, बायकांच्या अंगात दूध कुठून येणार?

आणि बिचेचं ऐक. काल दुपारी ती माझ्या उजव्या अंगाला येऊन उभी राहिली आणि हातातला पावाचा तुकडा हवेत कोणाला तरी दाखवू लागली. मी काय करतेस विचारलं तर म्हणाली, बाळाला देतेय, पण त्याला दात नाहीत. कुठलं बाळ म्हटलं, तर म्हणाली, हे काय, तुझ्या मांडीवर आहे ते. त्याच्या मनगटाला निळा दोरा बांधलाय आणि दोऱ्याला शिश्याची चकती आहे, तीही तिनं सांगितली. सासूबाईंनी लगेच तिच्या तोंडाला मीठ लावलं. मी हसले. पण नंतर मेओला त्या मांडीवर घ्यायचा धीर होईना, त्याला पाळण्यात ठेवलं.

दादा, तुझ्या चित्रातल्या मुलाच्या मनगटाला दोरा आहे का? आणि मूल कोणाचं आहे? मागच्या पत्रात मी विचारलं होतं, तू शांत आहे एवढंच लिहिलंस.

उत्तर दे. लोभाचं नंतर बघू.

ओर्सिना

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

बोलोन्या, १४ नोव्हेंबर १६४८

चि. सौ. ओर्सिनास,
अ. उ. आ.

तुझं पत्र हातात पडल्यापासून मी नीट जेवलेलो नाही. तू म्हणशील बरं झालं, पोट कमी होईल.

दोरा होता. निळाच. त्या घरात प्रत्येक मुलाच्या मनगटाला बांधतात, चकतीवर आकडा असतो. मी तो रंगवला होता. मग कारभारी म्हणाले, आकडा नको, दया आकडे पाहत नाही, म्हणून मी दोऱ्यावर कातडीचा रंग चढवला. बिचे तर त्याआधीच चेंतोला गेली होती. तिला कोणी सांगितलं? तू इथून जाताना मी काही बोललो होतो का? आठव बरं. मी खूप आठवून पाहिलं, मला तरी आठवत नाही.

आता मी तुला एक सांगतो, आणि तू घाबरायचं नाही. मी माझं पहिलं रेखाटन काढलं आणि कर्कटक लावून मोजलं. चित्रातल्या मुलाचा गाल रेखाटनापेक्षा अर्ध्या बोटानं मोठा आहे. मांडीला वळी पडलीय. ती वळी मी काढलेली नाही, ओर्सिना. पंचवीस वर्षं कुंचला धरतोय, माझी रेघ मला ओळखता येते. चित्रावर चादर टाकून ठेवली होती. सकाळी चादर काढली तर तोंडापाशी ती ओली. धुकं आहे म्हणून म्हटलं. धुकं खोलीभर असतं, एका तळहाताएवढ्या जागेत नसतं, हे मलाही कळतं.

मेओला मध चाटव. मी सान्तो स्तेफानोला मेणबत्ती लावली आहे. वाटल्यास दुसरी लावतो.

राग मानू नकोस, म्हणजे मला पुढचं लिहायला धीर येईल.

तुझा,
फ्लोरिआनो

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

चेंतो, २१ नोव्हेंबर १६४८

दादास,

नमस्कार लिहायचा म्हणून लिहिते.

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय लहानपणापासूनची आहे. आईची बरणी फोडलीस तेव्हाही तू तिला मांजराची सगळी कुळकथा सांगितली होतीस. दोन पत्रांत मी एकच गोष्ट विचारली. तू मला दोरा सांगितलास, गाल सांगितलास, चादर सांगितलीस. मूल कोणाचं ते नाही सांगितलंस.

मेओला तीन दिवस ताप आहे. रडतो ते आता शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही. डोळे मोठे दिसतात. पाद्रीबाबा पाणी शिंपडून गेले. ह्यांनी मला सरळ विचारलं की बोलोन्यात असं काय झालं. मी सगळं सांगितलं. चोळीचंही सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण ते पाळण्यापाशी जाऊन बसले आणि उठलेच नाहीत. तागाच्या गाड्या अंगणात तशाच उभ्या आहेत.

सुईणीच्या सांगण्यावरून मी उजवी बाजू फडक्यानं करकचून बांधली. म्हटलं, दार बंद केलं की येणारा जाईल. झालं उलटंच. बाराच्या घंटेला अशी ओढ लागली की मी भिंतीला धरून उभी राहिले. आधी पीत होतं, आता हिसकतं. फडकं सोडलं तेव्हा कातडीवर हिरड्यांचे दोन लाल वळ होते. सासूबाईंनी ते पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते.

ते मूल पुसून टाक. खरवडून टाक. तुझं चित्र, तुझे कारभारी, तुझी दया, सगळं खड्ड्यात जाऊ दे. मला माझं पोर हवंय.

ओर्सिना

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

बोलोन्या, २६ नोव्हेंबर १६४८

चि. ओर्सिनास,

आशीर्वाद द्यायची माझी लायकी नाही, पण दुसरं काय लिहिणार?

सांगतो. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी अनाथ-घरात गेलो. भिंतीतलं ते लाकडी चाक तू पाहिलंस ना, बाहेरून मूल ठेवून फिरवतात ते? यंदा ते थांबतच नाही. आत चाळीस तान्ही आणि दूध पाजणाऱ्या बाया सहा. एकेकीला पाळीनं सात-सात मुलं. मी दोन-तीन मुलं उचलून पाहिली. उचललं की छातीत तोंड खुपसतात आणि काही मिळालं नाही की किंचाळतात. असं मूल समोर ठेवून काय रंगवणार? तिथल्या तेक्लाबाई मुलांचं बघतात. त्यांना मी म्हटलं, एखादं गप्प राहणारं द्या. त्यांनी हातातलं रडणारं मूल दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, आहे एक, ते मुळीच हलणार नाही.

ते सकाळीच गेलं होतं, ओर्सिना. बाईपाशी त्याच्या आधी सहा होती. त्याची पाळी येईपर्यंत दूध संपायचं. असं अकरा दिवस झालं. पुरायची गाडी शुक्रवारी येणार होती, म्हणून तेक्लाबाईंनी ते माझ्याकडे दोन दिवस दिलं. त्या थट्टा करत होत्या का मला बोल लावत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. मी मात्र ते टोपलीत घालून घरी आणलं.

आणि मला आनंद झाला होता, हे लपवत नाही. हलत नाही, रडत नाही, उजेड कसा हवा तसा पाडावा. मेलेल्याला जिवंत दाखवायचं हीच आम्हा लोकांची फुशारकी. तोंड मिटलेलं होतं. पिणारं हवं म्हणून मी माझ्या करंगळीनं ओठ उघडले. आणि ते भुकेनं मेलेलं मूल मी तुझ्या भरल्या छातीला लावून दिलं. तुला विचारलंही नाही. वळकटीच्या जागी कोणीतरी हवं होतं, बस्स.

काल सुरी घेऊन चित्रापुढे गेलो. दोन मुलं राहिली तर ती दया राहणार नाही आणि कारभारी मंडळी चित्र घेणार नाही, न घेऊ दे. सुरीचं टोक गालाला लावलं. महिना उलटून गेलेला रंग, वरून खडखडीत वाळलेला. टोक आत गेलं आणि पात्यावरून पातळ पांढरं ओघळून माझ्या मनगटापर्यंत आलं. कोमट होतं. मी सुरी टाकली आणि अंगणात जाऊन उभा राहिलो.

तुझ्या एका शब्दावर मी ते पुसतो. पण पुसल्यावर ते कुठे जाईल, हे मला माहीत नाही. ते चित्रात आहे तोवर दिवसातून दोनदाच तुझ्याकडे येतं. हे पत्र नेणाऱ्या गाडीवानाला मी उत्तर घेऊनच परत ये म्हणून बजावलंय. तोवर सुरी टेबलावर आहे.

क्षमा माग म्हटलंस तर मागतो, पण ती पुरणार नाही.

फ्लोरिआनो

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

चेंतो, ३० नोव्हेंबर १६४८

दादास,
ओर्सिनाचा नमस्कार.

पुसू नकोस. सुरी उचलून ठेव.

गाडीवान ओसरीवर बसलाय, म्हणून घाईत लिहिते. तुझं पत्र सकाळी आलं. वाचलं आणि तू समोर असतास तर तुला खरंच ओरबाडलं असतं. मेलेलं पोर माझ्या अंगाला लावलंस! मी अंघोळीचं पाणी तापवायला ठेवलं, अंग घासून काढायचं म्हणून. पाणी तापेपर्यंत पत्र पुन्हा वाचलं. अकरा दिवस. मेओला नीट मिळालं नाही त्याला सहा आठवडे झाले, तरी त्याला डावी बाजू होती, मध होता, त्याच्यासाठी रात्रंदिवस रडणारी माणसं होती. त्या जिवाला काय होतं? मी त्याला फडकं बांधून अडवत होते आणि वर त्यालाच शिव्या देत होते.

मग बारा वाजले. मी चुलीपाशी बसले. फडकं काढलं, चोळी सोडली आणि मांडी केली, रिकामीच. ओढ लागली. जोरात, हिसका देऊन. मी म्हटलं, पी बाई, सावकाश पी, कोणी उचलून नेत नाही तुला. बाई का म्हटलं, कोण जाणे. तोंडात आलं.

सासूबाई दारात उभ्या. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्या आत गेल्या, त्यांची लोकरीची शाल आणली आणि माझ्या रिकाम्या मांडीवर नीट पसरली, कडा खाली खोचून. वारा लागतो, म्हणाल्या. मग जवळ बसल्या आणि म्हणाल्या की ढकललेलं पोर जास्त पितं, पोटभर मिळालं की आपण होऊन सोडतं. त्यांची चार गेली, त्यातलं एक दुष्काळाच्या वर्षी भुकेनं, हे मला आठ वर्षांत आज कळलं. ती शाल, दादा, मधोमध फुगली होती. आम्ही दोघींनी पाहिलं.

हिसके हळूहळू थांबले. मग नुसतं पिणं राहिलं, मेओ झोपेला आला की पितो तसं. शेवटी सुटलं. आणि बाजू रिकामी नव्हती! आज पहिल्यांदा आत उरलं होतं. ह्यांनी मेओला उचलून आणलं, त्यानं तोंड लावलं आणि प्यायला. घटाघटा नाही, पण प्यायला. आमचे हे तिथेच भिंतीला टेकून रडले.

त्याचं नाव काय ते विचारून कळव. आकडा नको.

सासूबाईंचा तुला आशीर्वाद आहे आणि भेटलास की कान पिळणार आहेत, दोन्ही पोचवते.

ओर्सिना

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

बोलोन्या, ११ डिसेंबर १६४८

चि. सौ. ओर्सिनास,
अ. उ. आ., आणि सासूबाईंना माझे दोन्ही कान अर्पण.

मेओचा ताप उतरला हे गाडीवानानं सांगितलं तेव्हा मी त्याला मिठी मारली. तो मला वेडा समजतो.

तेक्लाबाईंकडे गेलो. वहीत नाव आहे. दोमेनिका. तू बाई म्हटलंस ते बरोबर होतं, मुलगीच. मी तुला ते लिहिलंच नव्हतं, खरं तर मी पाहिलंच नव्हतं नीट. रविवारी चाकात आली म्हणून दोमेनिका. त्या महिन्यात रविवारी तिघी आल्या, तिघी दोमेनिका.

आता चित्राचं ऐक. मी त्या दिवसापासून त्याला हात लावलेला नाही, आईची शपथ. तिची मूठ मी आवळलेली रंगवली होती, होतीच तशी. ती उघडलीय. पाचही बोटं तुझ्या छातीवर पसरलीत. गालावर मी सुरी लावली होती तिथे ओरखडा नाही. डोळे आधी अर्धे मिटले, मग परवा पूर्ण. तोंड सुटलंय आणि ओठाच्या कडेला एक पांढरा थेंब आहे. मी खोलीत चप्पल काढून फिरतो.

काल कारभारी चौघांना घेऊन आले. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि विचारलं, हे काय केलंत? मूल झोपलंय! मी म्हटलं, पोट भरलं की मुलं झोपतात. त्यावर त्यांनी मला समजावलं, अगदी गोड शब्दांत. चित्र दारावर लागायचंय, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात सैल सोडायला हवेत. भरल्या पोटाचं मूल पाहून कोणाला पाझर फुटणार? ते भुकेलं हवं, तोंड पसरलेलं हवं, जमलं तर गाल थोडे खोल. डोळे उघडून द्या, म्हणाले, दोन दिवसांचं तर काम.

ओर्सिना, मी आयुष्यात गिऱ्हाइकाला नाही म्हटलेलं नाही. त्या न्यायाधीशाची हनुवटी मी तीनदा कमी केली. पण मी म्हटलं की ती जेवून झोपलीय, तिला उठवायचं असेल तर तुम्ही उठवा. एक जण खरंच पुढे झाला, नीट पाहायला वाकला आणि तसाच मागे सरकला. तो सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. मग कारभाऱ्यांनी सांगितलं की चित्र नको. दुसरा चित्रकार बघणार आहेत.

चित्र माझ्याकडेच राहील. भिंतीला वारा लागतो म्हणून आतल्या खोलीत हलवलंय.

तुझ्या मनात माझी जागा अजून असेल तर ती कोपऱ्यातली का होईना, ठेव.

तुझा,
फ्लोरिआनो

॥ येशू-मारिया प्रसन्न ॥

चेंतो, १८ डिसेंबर १६४८

ती. फ्लोरिआनोदादास,
ओर्सिनाचा सा. न. वि. वि.

तुला कारभाऱ्यांना नाही म्हणता आलं हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पोरगा सुधारतोय, एकच कान पिळेन.

मेओ आता दोन्ही बाजूंनी पितो आणि मध्येच थांबून हसतो. काल बिचेचे केस ओढले, एवढी ताकद आलीय. बिचेनं त्याला थप्पड मारली. घर पूर्वीसारखं झालं म्हणायचं.

दोमेनिका मात्र गेली, दादा. नवव्या तारखेला बाराच्या घंटा झाल्या. मी रोजच्यासारखी चुलीपाशी मांडी करून बसले, सासूबाईंनी शाल घातली. कोणी आलं नाही. मी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत बसून राहिले, म्हटलं उशीर झाला असेल. शाल सपाटच. उजवी बाजू भरत गेली, ठणकायला लागली, आणि शेवटी सगळी चोळी भिजली. तिला मी शिव्या दिल्या होत्या, तिला पुसून टाक म्हणून लिहिलं होतं. आणि त्या दिवशी ती आली नाही म्हणून मी हमसून हमसून रडले. बिचेला विचारलं, बाळ कुठंय? ती म्हणाली, आता नाहीये.

मेओचं भागून रोज उरतं. फडक्यात पिळून टाकते तेव्हा मला ते चाळीस आणि सहा आठवतात. इतके दिवस मी एका रिकाम्या मांडीला पाजलं आणि तिथे ती पोरं पाळीची वाट बघतायत. हे म्हणाले, दुष्काळात आणखी एक तोंड? मी त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, एकच ना? मी म्हटलं, बघू.

सोमवारी तागाची गाडी बोलोन्याला येतेय, मी तिच्यात आहे. मेओला सोबत आणते, बिचे आजीपाशी राहील. तुझ्या आतल्या खोलीत मी येणार नाही, झोपलेल्या पोरीला उगाच चाहूल नको. तू आधी तेक्लाबाईंकडे जा आणि आदल्या दिवशी कोणाची पाळी आली नाही ते विचारून ठेव. नाव विचार. दुपारी बाराच्या आत मला अनाथ-घराच्या दारापाशी भेट, कारण त्यानंतर मला दम धरवणार नाही.

लोभ आहे. भेटीत वाढवू.

तुझी,
ओर्सिना